दोन टोल्यांचा हिशेब



विषय व्याख्यानमालेच्या समितीनेच सुचवला: ख्रिस्ती जीवनात दातृत्वाचं प्रतिफळ. पत्र वाचलं तेव्हा थोडा धास्तावलो. या विषयावर बोलणाऱ्यांची आज वाण नाही. सकाळी टीव्ही लावा, एखाद्या वाहिनीवर कडक इस्त्रीच्या सुटातला उपदेशक सांगत असतो की, देवाच्या कामाला हजार द्या, देव शंभरपट करून परत देईल. बोलणं चालू असताना खालच्या पट्टीवर बँकेचा खाते क्रमांक सरकत असतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते असं मला कळलं. त्यांच्यापुढे हा हिशेब ठेवला असता तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, की शंभरपट परत मिळण्याची खात्री असेल तर याला दान का म्हणायचं? ही तर मुदत ठेव झाली, आणि व्याजाचा दर पाहता बहुधा बुडणारी.

याच्या बरोबर उलट टोकाला काही सज्जन उभे असतात. त्यांचं म्हणणं, प्रतिफळाचा विचारही मनात येता कामा नये, खरं दान निरपेक्षच. ऐकायला उदात्त आहे. पण येशूचं म्हणणं हे नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तो प्रतिफळाबद्दल अगदी मोकळेपणाने बोलतो. कर्णा वाजवून देणाऱ्यांबद्दल तो असं सांगत नाही की त्यांना काहीच मिळणार नाही. तो म्हणतो, त्यांची मजुरी त्यांना मिळून चुकली. लोकांनी पाहिलं, वाहवा केली, व्यवहार संपला. म्हणजे मिळतं सगळ्यांनाच. काय मिळतं, कुणाकडून मिळतं आणि देण्याचा भुर्दंड कुणाला पडतो, एवढाच प्रश्न उरतो. मला आज बोलायचंय ते या तिसऱ्या भागावर जास्त, कारण आपल्या व्यासपीठांवरून त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानातल्या विधवेपासून करू. दानाच्या रविवारी हा उतारा वाचला जातो, आणि पाठोपाठ अर्पणाची थैली फिरते. यरुशलेमच्या मंदिरात स्त्रियांच्या अंगणापाशी दान टाकण्याच्या पेट्या होत्या. यहुद्यांच्या मिश्नात अशा तेरा पेट्यांचा उल्लेख आहे, तोंडाशी निमुळत्या, कर्ण्याच्या आकाराच्या. श्रीमंत येतात, भरभरून टाकतात. मग एक विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. ही त्या काळची तांब्याची सगळ्यात हलकी नाणी. उत्खननात आजही सापडतात: नखाएवढी, कडा वेड्यावाकड्या, छाप निम्मा नाण्याबाहेर गेलेला. पेटीत पडली तरी आवाज झाला नसेल. येशू समोर बसून हे पाहतो, शिष्यांना बोलावतो आणि सांगतो की सगळ्यांत जास्त हिने टाकलं, कारण हिने आपली सगळी उपजीविकाच टाकली.

यावर आपण ऐकलेली बहुतेक प्रवचनं इथेच थांबतात. पण मार्काचं शुभवर्तमान हातात घ्या आणि या प्रसंगाच्या अलीकडची-पलीकडची ओळ वाचा. अलीकडे, अगदी लगत, येशू शास्त्र्यांवर तुटून पडतो: हे लांब झगे घालून मिरवतात, बाजारात नमस्कार घेतात आणि विधवांची घरं गिळतात. पलीकडे, तो मंदिरातून बाहेर पडतो न पडतो तोच एक शिष्य त्या प्रचंड दगडी इमारतीचं कौतुक करतो, आणि येशू म्हणतो की यातला दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने ते खरं केलं. मग या दोन वाक्यांच्या मधे उभी असलेली ही बाई कोण? दानाचा आदर्श, की जिचं घर गिळलं गेलं तीच एक? तिच्या दोन टोल्या ज्या इमारतीसाठी गेल्या ती इमारत तर चाळीसेक वर्षांत जमीनदोस्त झाली.

मला वाटतं ती दोन्ही आहे, आणि मार्काला ते ठाऊक आहे. तिचं देणं खरं आहे, आणि तिच्याकडून घेणारी व्यवस्था खोटी आहे. येशू तिला थांबवत नाही. तो तिला काही देतही नाही. 'बाई, तुझ्या विश्वासाने तुला तारलं' हे वाक्य तो इतरांना म्हणतो, हिला म्हणत नाही. तो तिच्याशी बोलतच नाही. आपल्याकडे कुणी पाहिलं हे तिला कळलं तरी असेल का? ती निघून गेली. त्या रात्री तिच्या घरी चूल पेटली की नाही, हे सांगायची गरज मार्काला वाटली नाही. प्रतिफळाचा सगळा प्रश्न मला या बाईपाशी येऊन अडतो. शंभरपटवाल्यांनी आधी हिचा हिशेब द्यावा.

येशूच्या शिकवणीत याला धरून दोन जागा आहेत, त्या पटकन सांगतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात तो यजमानाला म्हणतो, मेजवानीला भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी बोलावू नकोस, ते उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लंगडे, आंधळे बोलाव, त्यांच्याकडे परत करायला काही नाही म्हणून तू धन्य होशील. परतफेड अशक्य आहे हीच धन्यतेची अट! आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं जे चित्र आहे, त्यात ज्यांना राज्य मिळतं ते गोंधळलेले आहेत. आम्ही तुला कधी खाऊ घातलं? कधी तुरुंगात भेटलो? त्यांच्या लक्षातच नाही. ज्यांनी दिलेल्याची वही ठेवली असती ते या प्रश्नाला अडखळले नसते.

आता यरुशलेमहून आपल्या मुलखात येऊ, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला. पंडिता रमाबाईंची गोष्ट आपल्याला पाठ आहे असं आपण समजतो. पण त्यातला दानाचा धागा सहसा कुणी उचलत नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान गृहस्थ, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचं धाडस करणारे. तीर्थाटन आणि पुराण सांगणं यावर कुटुंब जगत होतं. रमाबाईंनी पुढे लिहिलं आहे की, घरात होता नव्हता तो पैसा देवाधर्मात, दानदक्षिणेत घातला गेला, कारण शास्त्रात सांगितल्याप्रमाणे दिलं की देव कमी पडू देणार नाही असा पक्का भरवसा होता. मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. उच्च जातीच्या आणि विद्येच्या अभिमानामुळे ना मोलमजुरी करवेना, ना हात पसरवेना. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई, आणि नंतर थोरली बहीण. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ उरले.

इथे एका ख्रिस्ती वक्त्याने 'बघा, त्यांचा धर्म' असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. तो मोह मी टाळतो, कारण हाच सौदा आमच्याही घरात आहे. रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामासाठी जर्मनीत पापक्षमेची पत्रकं विकली गेली, आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथरची लेखणी उचलली गेली ती त्या बाजारामुळे. आणि मघाचा टीव्हीवरचा सूट कुठल्या धर्माचा होता? देऊन देवाला बांधून घ्यायचं ही माणसाची जुनी खोड आहे. तिला कुठलाही धर्म चालतो.

रमाबाईंनी सौद्याचा शेवट पाहिला होता. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. मग अमेरिका, बॉस्टनला स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला विधवांसाठी शारदा सदन. असोसिएशनने दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं होतं. आता दोन तारखा शेजारी ठेवा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिथे गेल्या. ज्या मुलगी असताना दुष्काळात चालल्या होत्या, त्यांना त्या सांगाड्यांत कोण दिसलं असेल हे वेगळं सांगायला नको. तीनशेच्या आसपास मुली-बायका त्यांनी आणल्या आणि केडगावच्या शेतावर, आधी तात्पुरत्या निवाऱ्यांत, ठेवल्या. आणि १८९८ मध्ये असोसिएशनची दहा वर्षांची मुदत भरली. म्हणजे कबूल झालेला पैसा संपत होता त्याच वेळी खाणारी तोंडं सहापट-सातपट वाढत होती. पुढे गुजरात आणि राजपुतान्याचा दुष्काळ आला. १९०० च्या सुमाराला केडगावच्या या आश्रमात, म्हणजे 'मुक्ती'त, दीड हजारांवर माणसं होती.

कुठल्याही हिशेबनीसाने त्यांना हात जोडून थांबवलं असतं. रमाबाईंवर जॉर्ज म्युलरचा प्रभाव होता. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं सांभाळताना माणसांपुढे पैशासाठी हात पसरायचा नाही, देवाकडे मागायचं, असं व्रत म्युलरने चालवलं होतं. रमाबाईंनी त्याचं चरित्र वाचलं होतं. पण मला त्यात फक्त अनुकरण दिसत नाही. ज्या मुलीने आईबापांना उपाशी मरताना पाहिलं, तिने आयुष्यभर कोठीची किल्ली कमरेला घट्ट बांधून ठेवली असती तर कुणी दोष दिला असता? भुकेतून वर आलेली माणसं बहुतेक तशीच होतात, आणि ते समजण्यासारखं आहे. रमाबाईंची किल्ली सुटली. उद्याची धास्ती त्यांच्यातून गेली. दातृत्वाने त्यांना काय दिलं असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन: पैसा परत आला की नाही हा भाग वेगळा, पण उद्याची भीती गेली. आणि हे बक्षीस देऊन झाल्यावर मिळणारं नव्हे, देता देताच ते हातात येतं. एकदा मूठ उघडली, माणूस मेला नाही. दुसऱ्यांदा उघडायला थोडं कमी भ्यायला होतं.

रमाबाई काही भिंतीवरच्या तसबिरीतल्या संत नव्हत्या. मुक्तीची शिस्त कडक होती, आणि शारदा सदनातल्या धर्मांतरांवरून १८९३ मध्ये पुण्यात जे वादळ उठलं त्यात सगळाच दोष विरोधकांचा होता असंही मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी फार नेमकी ओळखली. आणलेल्या बायकांना त्यांनी नुसतं घेणारं ठेवलं नाही. विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती, छापखाना, अंधांसाठी ब्रेल. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबलचं भाषांतर हाती घेतलं, तेव्हा त्याचे खिळे जुळवले मुक्तीतल्याच बायकांनी. दुष्काळात जिला उचलून आणलं, तिच्या बोटांनी जुळवलेलं पान. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

आता मघाचा भुर्दंडाचा प्रश्न. त्यासाठी नगरला जायचं, रेव्हरंड टिळकांच्या घरी. नारायण वामन टिळक हे दातृत्वाचा झराच. घरात कोणी ना कोणी येऊन राहिलेलं, हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकेल याची शाश्वती नाही. टिळकांबद्दल आदराने लिहिणाऱ्या सगळ्यांनी हे लिहिलं आहे. पण ते घर चालवत होत्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आणि सुदैवाने त्यांनीही लिहिलं. 'स्मृतिचित्रे' मराठीतलं श्रेष्ठ आत्मचरित्र आहे हे आपण कौतुकाने म्हणतो. मी त्यात आणखी एक भर घालतो: उदारपणावरचं ते मराठीतलं सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे, कारण उदारपणाचं बिल जिच्या नावावर फाटलं तिने ते लिहिलं आहे. दानशूरांची चरित्रं दानशूर स्वतः किंवा त्यांचे भक्त लिहितात. डब्यात पीठ किती उरलं हे माहीत असलेलं माणूस क्वचितच लिहितं.

१८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. चार-पाच वर्षं ताटातूट झाली. नंतर त्या आल्या त्या आपलं सोवळं घेऊन आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे टिळकांचं पहिलं मोठं अर्पणसुद्धा एका अर्थी दुसऱ्याच्या खात्यातून झालं होतं! मी हे टिळकांचा अधिक्षेप म्हणून सांगत नाही. मला त्यांच्याबद्दल नितांत प्रेम आहे. पण आपल्या मंडळ्यांत असे पुष्कळ भाऊ आहेत ज्यांच्या उदारपणाची गोष्ट वेदीवरून सांगितली जाते, आणि त्यांच्या घरातली बाई मागच्या बाकावर बसून ती ऐकते. तिला विचारून दिलं का, हा प्रश्न दशांशाच्या पाकिटावर छापायला हवा.

तरीही 'स्मृतिचित्रे' ही तक्रारवही नाही, आणि हे तिचं गूढ आहे. लक्ष्मीबाई हसतात. नवऱ्यावर हसतात, स्वतःवर जास्त. त्या घरात येऊन राहिलेल्यांत एक ठोंबरे नावाचा मुलगा होता, कविता करणारा, हळवा, सांभाळायला अवघड. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. मराठीला बालकवी मिळाले त्यात या स्वयंपाकघराचा किती वाटा आहे, याचा हिशेब कोण करणार? १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी टिळक गेले. ज्या बाईला पुरेसं शिक्षणही मिळालं नव्हतं तिने मग टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हाती घेतलं आणि त्यातला पुढचा मोठा भाग स्वतः रचला. सुरुवातीला जबरदस्तीने देणारी झालेली ही बाई कधीतरी, नेमकी कधी ते तिलाही सांगता येत नाही, आपखुशीने देणारी झाली. या दोन अवस्थांत काय घडलं ते पुस्तकाच्या प्रत्येक पानावर आहे आणि कुठल्याच एका पानावर नाही. माझा अंदाज एवढाच, की परक्या पोरांनी तिला आई म्हणायला सुरुवात केली.

इथून मला आपल्या मराठी मंडळीबद्दल थोडं अप्रिय बोलायचं आहे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अमेरिकन मिशन नगरला आलं. शाळा, दवाखाने, वसतिगृहं, पगार, सगळं समुद्रापलीकडून येत राहिलं. बॉस्टनच्या आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांनी बचत करून पाठवलेले डॉलर त्यात होते, हे आपण विसरू नये. आपल्या आज्या-पणज्या त्यावर शिकल्या. पण शंभर वर्षं एकच बाजू देत राहिली आणि दुसरी घेत राहिली, की देणाऱ्याचाही तोल जातो आणि घेणाऱ्याचाही. देण्यातलं जे काही प्रतिफळ आहे, ते सगळं बॉस्टनला गेलं. आपल्या वाट्याला धान्य आलं, कापड आलं, आणि त्याबरोबर मान खाली घालायची सवय आली. टिळकांना हे सलत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत त्यांचं निधन झालं, दरबार फार वाढला नाही. पण पगार सोडणारा तो माणूस काय मागत होता ते मला दिसतं. गरिबालाही द्यायचा हक्क आहे, आणि तो हक्क कुणी दयेपोटी काढून घेतला तरी ती लूटच असते.

हा हक्क आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांनी मात्र कधी पुरता सोडला नाही. सुगीनंतरची उपकारस्तुती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उपासनेच्या आधी वेदीपाशी ढीग लागलेला असतो: बाजरीची पायली, ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी अधूनमधून पंख फडफडवते, आणि एखादी म्हातारी पदराखालून कोथिंबिरीची जुडी काढून गुपचूप कडेला ठेवते. उपासना झाली की बाहेर झाडाखाली लिलाव. मंडळीचा एखादा आवाजी पंच अंडं वर धरून ओरडतो. दहा, वीस, पन्नास. पन्नासला घेणारा पैसे देतो आणि म्हणतो, 'परत लावा.' तेच अंडं पुन्हा लिलावात. तिसऱ्यांदा विकलं जाईस्तोवर हशा पिकलेला असतो, आणि ज्या पोराने ते कोंबडीखालून काढून आणलं ते पोर आपल्या अंड्याची किंमत ऐकून आईकडे बघत असतं. शहरी हिशेबाने हा वेडेपणा आहे. पैसेच द्यायचे तर पाकिटात घालून द्या, अंडं कशाला फिरवता? पण तिथे प्रत्येक जण देणारा असतो, प्रत्येक जण घेणारा असतो, आणि पाकिटात घालून आणता येत नाही ते हेच. माझ्या माहितीतल्या काही मंडळ्यांनी वेळ वाचवण्यासाठी लिलाव बंद केला. वेळ वाचला, हे खरं.

याच रीतीचं एक फार मोठं रूप मिझोराममध्ये आहे. तिथल्या ख्रिस्ती बायका रोजच्या स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकतात. मिझो भाषेत 'बुहफाई थाम'. मंडळीतल्या बायका घरोघर फिरून तो तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो, आणि पैसा देवाच्या कामाला. १९१० मध्ये हे सुरू झालं. तो काळ लक्षात घ्या. लुशाई टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, मिशनरी येऊन जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली होती, लोक डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर जगत होते, हातात रोकड अशी नव्हतीच. आणि लगेच १९११-१२ मध्ये 'मौताम' आला: बांबूला फुलोरा येतो, उंदीर बेसुमार वाढतात आणि उभं पीक खाऊन टाकतात. मुठीची रीत तरीही टिकली, शंभर वर्षं उलटून गेल्यावर आजही चालू आहे, आणि मिझो मंडळी देशाच्या इतर राज्यांत स्वतःच्या खर्चाने सेवक पाठवते. आपल्यालाही मूठ परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या पोरांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाचं धान्य गोळा केलंच होतं. मिझो मुठीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ती नवऱ्याच्या पाकिटातून निघत नाही. पातेल्यावर जिचा हात आहे तीच ठरवते, आणि रोज ठरवते. लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. इथे विचारायची वेळच येत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या ताटातला चार शितांचा वाटा त्या मुठीत गेलेला असतो, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रेषित पौलाला हे आवडलं असतं. मंडळीच्या पहिल्या पिढीत सर्वांत मोठी वर्गणी त्यानेच गोळा केली. यरुशलेममधले यहुदी ख्रिस्ती तंगीत होते, आणि मासेदोनिया-करिंथच्या मंडळ्यांत बहुतेक परराष्ट्रीय. एकमेकांच्या हातचं खावं की नाही यावरून दोन्ही बाजूंत भांडणं झालेली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आठवा आणि नववा असे दोन अध्याय त्याने या पैशावर खर्च केले आहेत. त्यात तो गोड बोलतो, चिमटे काढतो, मासेदोनियाच्या गरिबांचं उदाहरण देऊन श्रीमंत करिंथकरांना लाजवतो. तो म्हणतो, ते स्वतः कंगाल असून आम्हालाही देऊ द्या म्हणून मागे लागले. तीत आणि आणखी दोघे भाऊ पैसे आणायला पाठवतो, एकटा कुणी नाही, म्हणजे कुणी बोट दाखवू नये. (आपल्या खजिनदारांनी हा भाग जरूर वाचावा.) आणि तो जे मागतो त्याला समानता म्हणतो: आज तुमच्याकडे जास्त आहे, त्यांची गरज भागेल, उद्या त्यांच्याकडे जास्त असेल, तुमची भागेल. पंगतीत वाढणाराही शेवटी पानावर बसतो आणि कुणीतरी त्याला वाढतं, तसं. करिंथकरांना काय मिळेल याबद्दल तो तिथे सांगतो ते वाचा. यरुशलेममधली ती माणसं, तुम्हाला कधी न पाहिलेली, तुमच्यासाठी प्रार्थना करतील, त्यांना तुमची ओढ लागेल. ज्यांना तुमच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांना तुमची ओढ लागेल. पैशाच्या बदल्यात पौल हे देऊ करतो. याहून जास्त काही मिळतं असं मला तरी माझ्या आयुष्यात दिसलेलं नाही, आणि याहून कमी मिळालं तर देणं अर्धवट राहिलं असं मी समजतो.

आणि तरी ही हमी नव्हे. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल चिंतेत आहे. प्रार्थना करा, तो म्हणतो, की यरुशलेममधल्या पवित्र जनांना ही सेवा मान्य व्हावी. म्हणजे पैसे घेऊन जातानाही त्याला भीती होती की ते नाकारतील. परराष्ट्रीयांचा पैसा! पुढे काय झालं? प्रेषितांच्या कृत्यांत त्याच्या यरुशलेमच्या प्रवासाचं सविस्तर वर्णन आहे, बंदरं आणि मुक्काम नावांनिशी आहेत. तो पोचतो, वडीलजन भेटतात, काही दिवसांत मंदिरात दंगल होते, रोमी शिपाई त्याला साखळदंडांत घालतात. वर्गणीचा उल्लेख येतो तो पुढे, राज्यपाल फेलिक्ससमोरच्या सुनावणीत, आपल्या राष्ट्रासाठी दान घेऊन आलो होतो एवढ्या एका वाक्यात. यरुशलेमकरांनी ते घेतलं का, त्यांना ओढ लागली का, याबद्दल कृत्यांचा लेखक लूक एक अक्षर लिहीत नाही. नव्या करारात त्या पैशाची पावती नाही. करिंथच्या ज्या बायकांनी आणि गुलामांनी आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला काढलं होतं, त्यांना ती कधी मिळाली असेल असं वाटत नाही. आणि त्यांच्या पुढच्या पिढीने वर्गणी बंद केली, असंही कुठे दिसत नाही.